खारपाणपट्ट्यातील शाळेचे जलखाते

अमरावतीहून भातकुलीस आदिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाणारा यात्रेकरू कपाशीच्या काळ्या रानातून जातो. त्या रानाखालचे पाणी खारट आहे, हे त्याच्या ध्यानी येतेच असे नाही. भातकुली, दर्यापूर, पुढे अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा असा पूर्णेच्या खोऱ्यात हा खारपाणपट्टा पसरला आहे. येथे कूपनलिका खोदूनही तहान भागत नाही.

म्हणून येथील प्राथमिक शाळेत पर्यावरणाचा पहिला धडा छतापासून सुरू व्हावा. १०० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर जमा ७०,००० लिटर. पाचवा हिस्सा वाया धरला, तरी शिल्लक ५६,०००. पन्नास मुलांना रोज दोन लिटरप्रमाणे २२० दिवसांचा खर्च अवघा २२,००० लिटर. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे, पुढचे गाळून झाकलेल्या टाक्यात साठवावे आणि त्याची रोजची नोंद मुलांनीच ठेवावी.

पाणी गाळून व गरजेपुरतेच घेणे, अप्कायिक जीवांची विराधना टाळणे, हा जैन घरांचा जुना संस्कार. तीर्थाच्या वाटेवरील एका शाळेला असे टाके बांधून देणे, हेही त्या यात्रेचेच पुण्य होय.