जुन्या जालन्याच्या गच्चीवरची रोझमेरी

रोझमेरी हे भूमध्य समुद्राकाठचे सदाहरित झुडूप आहे. ते तुळस, पुदिना आणि सब्जा यांच्या कुळातले. पूर्वी त्याची रोझमॅरिनस ही वेगळी प्रजाती मानत. २०१७ पासून ते साल्व्हिया या मोठ्या प्रजातीत मोडते. साधारण १५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान त्याला सर्वांत मानवते. जालन्यात असे हवामान नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच, तेही भर दुपार सोडून. मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्यामुळे हे थंड हवेचे झाड, इथे टिकायचे नाही, असा समज पक्का झाला आहे. केसांसाठी रोझमेरीचे पाणी करण्याचे खूळ आल्यापासून घरोघरी रोपे आली. ती वाळली की दोष उन्हाला दिला जातो.

हा दोष बराचसा चुकीचा आहे. रोझमेरीचे पान सुईसारखे अरुंद, कडा खाली मुडपलेल्या, पाठीवर पांढरी लव. पर्णरंध्रे या लवेत दडलेली असल्याने पानातले पाणी सहजासहजी उडत नाही. भूमध्य प्रदेशात उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणजे कोरडे ऊन या झाडाच्या ओळखीचे आहे. उन्हाळ्याला लागून येणारा चार महिन्यांचा उबदार पावसाळा नाही.

कुंडलिकेच्या काठच्या जुन्या जालन्यात, सिमेंटच्या गच्चीवर, प्रस्तुत लेखकाने एकामागून एक तीन रोपे लावली. पहिले मे महिन्यात गेले. दुपारी शेंडे माना टाकत, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घातले जाई. पाने खालून तपकिरी होत गेली. रोप उपटले तेव्हा मुळ्या काळ्या, लिबलिबीत निघाल्या आणि मातीला कुबट वास येत होता.

कारण सरळ आहे. पस्तिशीच्या पुढे रोझमेरीची वाढ मंदावते आणि मुळे पाणी कमी ओढतात. मातीतले पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नेमकी तेव्हाच मुळांना श्वसनासाठी त्याची गरज वाढलेली असते. अशा गरम चिखलात पिथियम, फायटॉप्थोरा यांसारखे मूळकुज आणणारे जीव फोफावतात. सडलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड पुन्हा मान टाकते. पाहणाऱ्याला ते तहानलेले वाटते आणि तो आणखी पाणी ओततो.

यावर उपाय म्हणजे तापमान हवेत न मोजता कुंडीत मोजणे. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू हवेपेक्षा पुष्कळ तापते. मातीची कुंडी पाझरते आणि माठासारखी स्वतःला गार ठेवते. तीही थेट स्लॅबवर ठेवू नये, कारण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. दोन विटांवर कुंडी ठेवली की खालून वारा खेळतो आणि भोकही मोकळे राहते. मराठवाड्याची काळी माती कपाशीला उत्तम, पण रोझमेरीला ती घातक, कारण ती ओल धरून ठेवते. मुरूम, जाडी वाळू आणि थोडे शेणखत या मिश्रणातून पाणी लगेच निथळते.

पाणी पहाटे द्यावे, आणि बोटाची दोन पेरे कोरडी लागली तरच. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. तेच मुळांवर ओतणे म्हणजे झाड उकडणे. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या या गावात हे कमी पाण्याचे झाड खरे तर सोयीचेच म्हणायचे. एप्रिल-मे महिन्यांत पूर्वेच्या भिंतीलगत सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळाली तर शेडनेटची गरज पडत नाही. उघड्या गच्चीवर मात्र पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी लागते. या काळात छाटणी करू नये आणि खत देऊ नये.

दुसऱ्या रोपावर कूलरचा प्रयोग झाला. मे महिन्यात कुंडी घरात, कूलरच्या झोतात ठेवली. माणसाला ती हवा सुखाची, पण झाडाच्या वाट्याला अंधार आणि दमटपणा आला. कांड्या लांबट, लुळ्या झाल्या, पानांवर भुरी चढली. अशा अशक्त रोपाने पुढे ऑगस्टच्या झडीत दम सोडला. तिसऱ्या रोपासाठी मृगाआधीच कुंडी पत्र्याच्या पडवीत हलवली. तिथे पाऊस लागत नव्हता, वारा आणि उजेड मात्र भरपूर होता. ते तगले.

हिवाळ्यात काहीच सांभाळावे लागत नाही. जालन्यात रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो, आणि हे झाड शून्याखालची थोडी थंडीसुद्धा सोसते. नवी वाढ याच महिन्यांत होते, म्हणून हलकी छाटणी दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी. बी उगवायला फार वेळ घेते आणि बरेचसे उगवतही नाही. त्यापेक्षा छाटणीतले बोटभर लांबीचे कोवळे शेंडे खालची पाने काढून ओलसर वाळूत खोचावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हवेत त्यांना चार ते आठ आठवड्यांत मुळे फुटतात.