टर्बाइन निघाल्यावर

लंडनला थेम्सच्या काठी बँकसाइड नावाचं वीज केंद्र होतं. ते तेलावर चालायचं. तेल महागलं आणि १९८१ मध्ये ते बंद झालं. विटांची अवाढव्य इमारत, ९९ मीटर उंच चिमणी आणि आत थंड पडलेली यंत्रं, अशा अवस्थेत ते कित्येक वर्षं उभं होतं. पाडून टाकायचीही भाषा झाली. मग टेट या कलासंस्थेनं ती जागा घेतली, हर्झॉग आणि द म्युरॉन या स्विस वास्तुरचनाकारांच्या हाती सोपवली आणि १३ कोटी ४० लाख पौंड खर्चून मे २००० मध्ये तिथं ‘टेट मॉडर्न’ उघडलं.

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात टर्बाइन फ्लोअरवर ज्याची सारी नोकरी झाली, तो माणूस तिथं शिरला की त्याची मान आधी वर जाते. माझीही गेली. मुलगी चित्रं दाखवायला घेऊन आली होती आणि मी क्रेन बघत उभा राहिलो. होय, क्रेन अजून आहे! हॉल १५२ मीटर लांब, ३५ मीटर उंच. टर्बाइन ज्या मजल्यावर बसायची तो मजलाच वास्तुरचनाकारांनी काढून टाकला, फक्त मधला एक पट्टा पुलासारखा ठेवला. त्यामुळे उतारावरून आत आलेला माणूस थेट बेसमेंटमध्ये पोहोचतो. आमच्याकडे बेसमेंटमध्ये कंडेन्सर आणि पाइपांची गर्दी. मान वर केली तरी छत दिसत नाही. इथं छतापर्यंत मोकळं.

इमारतीच्या एका भागात विजेचं सबस्टेशन पुढेही चालू राहिलं. ट्रान्सफॉर्मरची घरघर हॉलमध्ये ऐकू येते. बाकीच्यांना ती कलाकृती वाटत असावी.

अशा हॉलमध्ये नाटक, प्रदर्शन, गाणं का रंगतं, याचं उत्तर ओव्हरहॉलमध्ये आहे. टर्बाइनचं केसिंग उघडून रोटर उचलायचा, बाजूला न्यायचा, खाली ठेवायचा, तर मध्ये खांब चालत नाही. क्रेनला या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी वाट लागते आणि तिचं वजन पेलायला दोन्ही बाजूंना दणकट खांब. यंत्र निघालं की उरतो तो बिनखांबी, उंच, भरभक्कम मांडव. कापड गिरणीचं तसं नाही. तिथं ओतीव लोखंडाचे खांब जवळजवळ असतात. करवतीच्या दात्यांसारख्या छपरातून उजेड मात्र छान येतो. म्हणून गिरणीत संग्रहालय शोभतं, रंगमंचाला वीज केंद्र बरं. हे माझं मत. वास्तुशास्त्रवाल्यांनी खुशाल खोडावं.

याच टर्बाइन हॉलमध्ये २००३ साली ओलाफुर एलियासन यांनी धुक्यात पिवळा सूर्य टांगला आणि छताला आरसे लावले. लोक जमिनीवर आडवे पडून स्वतःला बघत राहिले. २०१० मध्ये आय वेवे यांनी चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफूल-बिया अंथरल्या. त्यांवरून चालायची मुभा होती, पण धूळ उडते म्हणून काही दिवसांतच ती बंद केली. दगडी कोळशाच्या केंद्रात हयात गेलेल्या माणसाला हे वाचून हसू आलं तर त्याला दोष देऊ नये.

आपल्याकडे मात्र गिरणी बंद पडली की बहुधा बाजार भरतो. जळगावच्या खान्देश मिलच्या जागी ‘खान्देश सेंट्रल’ आलं, नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या जागी मॉल. कोल्हापूरची शाहू मिल राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केली, ती २००३ मध्ये बंद झाली. २०२२ साली त्यांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त त्याच आवारात प्रदर्शनं आणि कार्यक्रम झाले. बंद गिरणी लोकांसाठी उघडल्यावर काय होऊ शकतं याची चुणूक दिसली. अमळनेरचा किस्सा उलटा. प्रताप शेठजींनी गिरणीच्या जोडीला १९१६ मध्ये तत्त्वज्ञान केंद्र काढलं. म्हणजे संस्कृतीसाठी गिरणी बंद पडायची वाट त्यांनी पाहिली नाही!

दीपनगरला अधिक जवळचा दाखला इस्तंबूलचा. सिलाहतारआ हे कोळशावरचं केंद्र १९१४ ते १९८३ चाललं. २००७ मध्ये तिथल्या बिल्गी विद्यापीठानं तिथं संग्रहालय आणि सांस्कृतिक केंद्र उघडलं. टर्बाइन जागच्या जागी, कंट्रोल रूम जशीच्या तशी. बँकसाइडनं यंत्रं काढून पोकळी दाखवली, इस्तंबूलनं यंत्रंच दाखवली.

दीपनगरचं पहिलं छोटं युनिट १९६८ चं. ते कायमचं बंद झालं. पुढे १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॉटची दोन युनिटं आली, मग ५०० ची दोन, आणि आता ६६० चं. इथं नवं युनिट जुन्याला लागून उभं राहतं, आणि जुन्या हॉलमध्ये नाटक आणायचं म्हटलं तर खरी अडचण तीच. बँकसाइडचं अख्खं केंद्र थांबलं होतं. इथं जुना हॉल चालत्या केंद्राच्या कुंपणात येतो. कोळशाच्या वाघिणी, राखेची वाहतूक, गेटवर तपासणी. नाटकाच्या तिकिटावर गेटपास कोण देणार? जुन्या पाइपांवरच्या लॅगिंगमध्ये, म्हणजे उष्णतारोधक आवरणात, ॲस्बेस्टॉस सापडू शकतं, ते रीतसर काढल्याशिवाय प्रेक्षक आत घेता येत नाहीत. शिवाय भुसावळचा मे महिना. पत्र्याच्या छपराखाली दुपारचा खेळ लावायची हिंमत कोणी करू नये.

आणि सगळ्यात आधी भंगाराचं टेंडर. त्यात टर्बाइन, तांबं, लोखंड यांच्यासोबत क्रेन आणि गर्डरही गेले की मागे राहते ती नुसती शेड. काय ठेवायचं ते टेंडर निघण्यापूर्वी लिहावं लागतं. हे काम कलाकाराचं नसून स्टोअर आणि सिव्हिल विभागाचं आहे.

वीज केंद्रांच्या आपसातल्या नाट्यस्पर्धांसाठी आमच्या कॉलनीत शिफ्ट संपवून तालमी चालायच्या. त्यातल्या एका दिग्दर्शक मित्राला मी बँकसाइडचे फोटो दाखवले. त्यानं सूर्य पाहिला नाही, पूल पाहिला नाही. “घुमतो किती आवाज?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, “खूप.” मग म्हणाला, “पडदे टांगू, क्रेन आहेच. मेकअपला कंट्रोल रूम घेऊ, एसी तिथंच असतो.”