वाया गेलेले मत

'मत वाया जाणे' हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आले आहे. निवडणूक आली की आमच्या घरात तो हमखास निघतो आणि मग आजोबा व वडील यांच्यात दोन-दोन दिवस अबोला राहतो. आजोबा शेतकरी कामगार पक्षाचे. त्यांचा जन्म आणि पक्षाचा जन्म एकाच सालचा, १९४७ चा. वडील विट्यात यंत्रमागावर काम करतात. "निवडून येणाऱ्याकडंच काम घेऊन जाता येतं," हे त्यांचे म्हणणे. त्यावर आजोबांचे उत्तर ठरलेले: "मत म्हंजे काय शर्यतीच्या बैलावर लावायचा पैसा हाय व्हय?"

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. राज्यशास्त्राच्या तासाला एकपक्ष, द्विपक्ष, बहुपक्ष पद्धती शिकताना मला हा वाद आठवतो. लहान पक्ष कसा जगतो आणि कशाने खचतो, हे मला पुस्तकापेक्षा आजोबांच्या पक्षाकडे पाहून अधिक कळले.

शेकाप काढला तो काँग्रेसमधल्याच नाराज मंडळींनी. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आणि आपल्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील अशी त्यात माणसे होती. प्रतिसरकार पाहिलेल्या या मुलखात कार्यकर्त्यांची वाण नव्हती. पण १९५० च्या दाभाडी प्रबंधाने मार्क्सवादाची वाट धरली आणि पुढे मतभेद वाढत गेले. १९५४ मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९५७ साली त्याच पक्षातर्फे लोकसभेवर निवडून आले. मोठ्या पक्षातून दहा जण गेले तर दुसरे दहा येतात. लहान पक्षातून एक गेला की त्याच्यामागे तालुकाच्या तालुका जातो!

कागदावर पक्ष काढणे काही अवघड नाही. शंभर सभासद असले की नोंदणीसाठी अर्ज करता येतो. परंतु सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढून टाकले. लढायचे म्हटले तर विधानसभेला दहा हजार रुपये अनामत. एक षष्ठांश मते मिळाली नाहीत तर तीही जप्त. खर्चाची मर्यादा चाळीस लाखांची. भाकरी बांधून प्रचाराला जाणाऱ्या आजोबांच्या पिढीला हे आकडे सांगितले तर ते नुसते हसतात.

पैशाहून मोठी अडचण माणसांची आहे. आपल्या खानापूर-आटपाडी भागातले तरुण गलाईच्या धंद्यासाठी साऱ्या देशभर पांगले आहेत. पत्रके वाटायला, बूथवर बसायला गावात राहतो कोण? सत्ता असलेल्या पक्षाला कार्यकर्ते शोधावे लागत नाहीत, ते आपण होऊन येतात. सत्ता नसलेल्याने माणूस थांबवून ठेवायचा तो कशाच्या बळावर?

याचे उत्तर आटपाडीच्या पलीकडे, सांगोल्यात दिसते. गणपतराव देशमुख १९६२ पासून तेथून अकरा वेळा आमदार झाले. १९७२ आणि १९९५ ला ते पडले, पण लोकांत राहिले आणि पुन्हा निवडून आले. तथापि पक्षाची दुबळी बाजूही तेथेच दिसते. १९७८ साली विधानसभेत शेकापचे तेरा आमदार होते. २०१४ ला तीन राहिले. २०१९ मध्ये वयोमानामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत आणि त्यांचे नातू अवघ्या ७६८ मतांनी हरले. २०२४ ला दुसऱ्या नातवाने जागा परत आणली. राज्यात पक्षाची तेवढी एकच जागा आली. जो पक्ष एका माणसावर उभा राहतो, तो त्या माणसाच्या वयाबरोबर म्हातारा होतो. ज्या घरातून एकदा आमदार झाला त्या घराबाहेर पक्षाला माणूस दिसू नये, ही गोष्ट शेतकरी-कामगारांच्या पक्षाला शोभणारी नाही, असे मला वाटते. आजोबांना हे वाक्य आवडणार नाही, पण ते खोटे आहे असेही ते म्हणणार नाहीत.

मग ती मते वाया गेली का? वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील याच पक्षाचे. कोल्हापूरच्या टोलविरुद्ध ते उतारवयात रस्त्यावर उतरले, तेव्हा पक्षाचे आमदार बोटांवर मोजण्याइतके होते. तो टोल शेवटी रद्द झाला, आणि त्यासाठी सर्व पक्षांची माणसे त्यांच्यामागे उभी राहिली. लहान पक्षाचे माप केवळ जागांनी घ्यायचे नसते, हे मला त्यावरून पटले.

वडिलांचेही मला खोटे वाटत नाही. ज्याच्या घरी महिन्याचा पगार यंत्रमागाच्या खटखटीवर अवलंबून आहे, त्याला दारात उभे करील असा आमदार हवाच असतो. परंतु सगळ्यांनीच जिंकणाऱ्याला मत द्यायचे ठरवले, तर जिंकणाऱ्याला आपली गरज कशाला उरेल?

पुढच्या विधानसभेला मी पहिल्यांदा मत देणार आहे. ते कुणाला द्यायचे हे अजून ठरलेले नाही. पण उमेदवार निवडून येईल की नाही, हा प्रश्न मी आधी विचारणार नाही. हरल्यावर दुसऱ्या दिवशी तो गावात दिसेल का, एवढेच विचारीन. वर्गातल्या मैत्रिणींनी आणि मित्रांनीही आपापल्या घरी हे एकदा विचारून पाहावे. फार तर दोन दिवस अबोला राहील!