चित्राला आधी बोलू द्या

चित्रकथांवर बोलायला उभं राहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो दोन कारणांनी. चारचौघांत बोलायची धास्ती सगळ्यांनाच असते. दुसरी धास्ती आमच्या विषयाची खास: ‘हे तर पोराटोरांचं, यावर कसलं व्याख्यान?’ असं समोरच्यांना वाटत असेल ही शंका. शहापूर-मुरबाडकडची कॉलेजातली मुलं तयारीसाठी येतात तेव्हा पहिली बोलून दाखवतात. दुसरी त्यांच्या पहिल्याच वाक्यात डोकावते. “विषय तसा हलकाफुलका आहे...” हे वाक्य मी आधी खोडायला लावते.

का खोडायचं तेही सांगते. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या रेषेतून कितीतरी घरांतल्या मुलांना पुराणं आणि इतिहास पहिल्यांदा भेटला. आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’ला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला, त्या चित्रकथेत छळछावण्यांतल्या ज्यूंची कहाणी आहे. बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं ‘भीमायन’ दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार दांपत्यानं रेखाटलं. एवढं मनात पक्कं असलं की माफी मागत सुरुवात करावीशी वाटत नाही, आणि आवाज आपोआप खणखणीत निघतो.

उरलेल्या धास्तीवरचा उपाय मला कुडाळजवळच्या पिंगुळीत दिसला. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्रं दाखवून रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. पोथीची पानं सुटी. एकेक पान उभं धरायचं, गात-बोलत प्रसंग उलगडायचा, मग पुढचं पान. पहिलं पान गणपतीचं. म्हणजे सुरुवात काय करायची हा प्रश्नच उरत नाही, आणि पहिल्या क्षणापासून लोकांची नजर पानावर असते. सांगणारा त्या पानाच्या मागे, निवांत.

आपल्याला भीती वाटते ती बघितलं जाण्याची. छातीत धडधड, घशाला कोरड, हाताला कंप. हे सगळं लोकांना दिसतंय असं आपल्याला वाटत राहतं आणि त्यानंच ते वाढतं. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. तुमची घालमेल तुम्हाला वाटते तितकी इतरांना दिसत नाही, एवढंच आधी समजावून सांगितलेले वक्ते इतरांपेक्षा चांगले बोलले. मी हे मुलांना भाषणाच्या आदल्या दिवशी सांगते, कारण ऐन वेळी डोक्यात काही शिरत नाही.

कंप मात्र पातळ कागदावर लगेच दिसतो. म्हणून चित्रं जाड पुठ्ठ्यावर चिकटवावीत, मागच्या रांगेला दिसतील एवढी मोठी करून. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, तेव्हा प्रोजेक्टर असला तरी पुठ्ठे पिशवीत हवेतच. पहिली दोन वाक्यं तोंडपाठ करावीत, बाकीचं भाषण पाठ करू नये. पाठ केलेलं एका शब्दाला अडलं की सगळं अडतं. पान बदलताना श्वास सावकाश सोडावा. तेवढ्या वेळात लोक चित्र बघत असतात, त्यांना ती शांतता खटकत नाही.

भातसेकाठच्या सापगावात बोलताना मी ‘चिंटू’ची एक पट्टी नेली होती. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा पोरगा १९९१ पासून ‘सकाळ’मधून घरोघरी गेलेला. शेवटची चौकट झाकली आणि विचारलं, आता काय होईल? चित्रकथेचा सगळा जीव दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत असतो. तिथं घडलेलं वाचकच घडवतो. सापगावच्या पोरांनी ती जागा अशी काही भरली की मागं बसलेले, आसनगावहून रोज लोकल पकडणारे बाप्येही त्यांना दुरुस्त करू लागले. माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. मग त्यातल्या एकानं इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाची कवटीची गुहा काढली, दुसऱ्यानं त्याचा लांडगा, आणि पुढचा अर्धा तास ते बोलत होते. मी मधूनमधून एखादं साल तेवढं सांगत होते.