गाजरगवताचे दिवस

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार

सकाळी दादाला घेऊन मूर्तिजापूरहून अकोल्याला गेलो. त्वचारोगतज्ज्ञांनी त्याच्या पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीत बारीक खोलगट चकत्या आणि एकेका चकतीत एकेक संशयित: निकेल, सिमेंटमधलं क्रोमियम, रबरातली रसायनं, अत्तरातली द्रव्यं आणि गाजरगवताचा अर्क. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. कपाशीत निंदण सुरू असताना दादाला घरी बसवणं कठीण आहे, पण तो हो म्हणाला. दोन पावसाळे इसबाच्या खाजेने त्याची धड झोप झालेली नाही.

साधी रक्त तपासणी का चालत नाही, हे मी विचारलं. इसब आणणारी ही ॲलर्जी शरीरातल्या पांढऱ्या पेशींमार्फत होते आणि कातडीवर उमटायला एक-दोन दिवस घेते, म्हणून कातडीलाच विचारावं लागतं. ही पद्धत याडासोन या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये मांडली.

१७ ऑगस्ट, रविवार

शेजारच्या काकूंनी दादाच्या मांडीवर बसलेला आपला नातू उचलून नेला. "लागंन ना बाप्पा पोराले!" दादा काही बोलला नाही, शर्टाच्या बाह्या तेवढ्या खाली ओढल्या.

खरूज किड्यामुळे होते, ती लागते. नायटा बुरशीमुळे होतो, तोही लागतो. इसब एकापासून दुसऱ्याला लागत नाही, त्यातून लस वाहत असली तरी नाही. एवढं गावाला माहीत असतं, तर या दोन वर्षांत दादाने लग्नकार्यांना जाणं टाळलं नसतं. तो घाणेरडा राहतो असंही कुणी बोललं. उलट, बरं व्हावं म्हणून तो दिवसातून दोनदा साबणाने अंग घासायचा आणि त्याने कातडी अधिकच कोरडी पडून फाटायची.

एका दुकानातून त्याला एक मलम मिळालं होतं. चार दिवसांत खाज थांबायची, सोडलं की दुप्पट यायची. त्यात तीव्र स्टेरॉईड होतं. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावीत, म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टेरॉईड अनुसूची 'एच'मध्ये घातली. तरी ती सर्रास मागितली जातात.

१८ ऑगस्ट, सोमवार

पट्ट्या निघाल्या. गाजरगवताच्या जागी लाल, उंचावलेला, बारीक फोडांचा गोल. बाकी पाठ स्वच्छ. अंतिम निकाल परवाच्या पाहणीनंतर.

परत येताना स्टेशनजवळ बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवर नजर गेली. गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांनी रूळ झाकले होते. १९५०च्या दशकात पुण्यात या गवताची नोंद झाली. मूळ अमेरिका खंडातलं हे गवत आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात. १९७४ मध्ये डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्यापासून होणाऱ्या त्वचारोगावर लेख लिहिला. एका झाडाला १५ ते २५ हजार बिया येतात.

२० ऑगस्ट, बुधवार

दुसरी पाहणी झाली. गोल आणखी गडद. आता शंका नाही.

डॉक्टरांनी समजावलं. गवताच्या लवेत आणि परागात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते हवेतून, वाळलेल्या धुळीतूनही येतं. म्हणून पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराची खोबण इथे इसब आधी उठतं. उघड्यावर राबणाऱ्या पुरुषांत हे जास्त दिसतं. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जात नाही, ती आटोक्यात ठेवायची असते.

प्रत्येक इसबाचं कारण वेगळं. वहिनीच्या बोटांच्या भेगा भांड्यांच्या पावडरीमुळे, तिथे ॲलर्जी नाही, कातडीचं तेलच धुऊन जातं. भाचीच्या कोपरा-गुडघ्यांच्या खोबणीतलं इसब बाळपणापासूनचं, त्याच्याबरोबर घरात दम्याचा वारसा आहे. बिब्ब्याच्या रसाचं तिसरंच. धोबी कपड्यांवर त्याने खूण करत, आणि दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर त्या खुणेच्या जागी पुरळ उठलं होतं. आमच्याकडे आजही टाचेच्या भेगांना बिब्बा घालतात. इसबावर तो कधीच घालू नये.

दादासाठी ठरलं: कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ, अंग ओलसर असतानाच भरपूर मऊ मलम, स्टेरॉईड सांगितलं तितके दिवस, शेतात पूर्ण बाह्या आणि तोंडाला उपरणं, घरी आल्यावर कपडे लगेच वेगळे. एवढ्याने भागलं नाही, तर रक्ताच्या तपासण्या करत अझाथायोप्रिनच्या गोळ्या.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदमळणी. दादाने बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकले, तूप-हळद चोळली, उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. जू घासून सोलवटलेल्या कातडीची एवढी आस्था आपल्या रिवाजात आहे. रात्री वहिनीने दादाच्या मानेला मलम लावलं, तेव्हा मला वाटलं, माणसाच्या कातडीलाही अशीच रोजची निगा हवी, लाज नको.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचा गाजरगवत जागृती सप्ताह आज संपतो. सकाळी शाळेत मुलांना गवत दाखवलं, उपटू मात्र दिलं नाही. हातमोजे नव्हते, आणि फुललेलं गवत उपटताना पराग उडतात. मेक्सिकोहून आणलेले, १९८४ मध्ये बंगळूरला प्रथम सोडलेले भुंगेरे पावसाळ्यात याची पानं खातात. आपला तरोटाही दाट उगवला की त्याला दाबतो.

तोरणाखाली काकू भेटल्या. दादाच त्यांना म्हणाला, "हे गवतानं होते काकू, माणसापासून माणसाले नाई होत." काकूंनी नातवाला त्याच्या पाया पडायला पुढे केलं.

गाडगेबाबांचं बालपण गेलं ते दापुरा आमच्याच तालुक्यात. गावात पाऊल ठेवलं की बाबा आधी झाडू हाती घेत. ग्रामसभेसाठी मी अर्ज लिहिला आहे: पुढच्या पावसाळ्यात, फुलं येण्याआधी, हातमोजे घालून गावाने शाळा, पाणवठा आणि धुरे साफ करावेत, आणि रिकाम्या जागी तरोट्याचं बी फेकावं. दादाचं औषध डॉक्टर देतील. गवत मात्र गावालाच काढावं लागेल.