सांभाळणारा कोण?

माझा जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला तेव्हा रोह्याच्या भाच्याने त्यावर डेबियन बसवून दिलं. फुकटचं म्हणून मी जरा साशंकच होतो. देवनागरीसाठी ‘लोहित’ फॉन्टचं पॅकेज घेतलं. त्याच्या माहितीत आवृत्ती, आकार आणि ‘मेंटेनर’ असा एक रकाना.

मेंटेनर म्हणजे बनवणारा नव्हे, सांभाळणारा. बिघाड झाला तर कोणाला कळवायचं, त्याचं नाव आणि ई-मेल. रूळ एकच असले तरी रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आणि पुढे कोकण रेल्वे, तसंच हे. शाळेत कपाट कोणी देणगी दिलं ते ठळक रंगवलेलं असे. किल्ली कोणाकडे, ते मात्र शिपायाला विचारावं लागे. म्हणून चार्ज देता-घेताना डेडस्टॉक रजिस्टरवर दोन सह्या झाल्याशिवाय मी हलत नसे.

लोहितच्या रकान्यात माणूस नव्हताच. ‘डेबियन फॉन्ट्स टास्क फोर्स’! म्हटलं, समिती म्हणजे कोणीच नाही.

‘‘थांबा मामा,’’ म्हणत भाच्याने मूळ सोर्सची फाईल उघडली. डेबियनचा नियमच आहे: मेंटेनर म्हणून गटाचं नाव दिलं, तर ‘अपलोडर्स’ या रकान्यात निदान एका हाडामांसाच्या माणसाचं नाव, त्याच्या स्वतःच्या ई-मेलसह, हवंच. हा नियम लिहिणाऱ्याने कधीतरी स्नेहसंमेलनाच्या समितीत काम केलं असणार!

सांभाळणारा सोडून गेला तर पॅकेज ‘अनाथ’ जाहीर होतं आणि त्याच्या नावाच्या जागी क्यूए गटाचं नाव येतं. जागा रिकामी, तर रिकामी म्हणून लिहायची. गेलेल्या माणसाचं नाव तसंच ठेवलं की पत्रं कोणाकडेच पोचत नाहीत.

पण नुसत्या नावाने भागत नाही. ‘एक्सझेड’ हे फाईली दाबून लहान करणारं साधन एकच गृहस्थ वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होते. ते थकलेले, वर ‘कामं लवकर का होत नाहीत’ म्हणून अनोळखी लोकांची बोलणी. त्याच काळात ‘जिया टॅन’ नावाचा मदतनीस आला, हळूहळू सहमेंटेनर झाला आणि त्याने आत चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून तो सापडला. नाव होतं, ई-मेल होता. माणूस कोण, ते अजून उघड झालेलं नाही.

ती बोलणी माझ्या डोक्यातून जाईनात. त्या पत्त्यावर तक्रारीच जायच्या का? लोहितच्या अपलोडर्समधल्या एका नावाला मी आभाराचं पत्र धाडलं. मराठीतच, त्याच अक्षरांत. उत्तर नाही आलं अजून. घाई नाही.