वरच्या फळीवरची भांडी

'शाम' म्हटले की आपल्या घरांत दमास्कसची आठवण निघते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही शामला चाललो आहोत असे सांगितल्यावर मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी लगेच विचारले, "तिकडची लढाई थांबली का?" त्यांना सांगावे लागले की हे शाम दुसरे. लडाखमध्ये लेहच्या पश्चिमेला, सिंधू नदीच्या खालच्या अंगाला जो मुलूख लागतो, त्याला तिथले लोक शाम म्हणतात. लिकिर गावापासून तिंगमोसगांगपर्यंत या मुलखातून तीन दिवसांची पायवाट जाते. रात्री गावातल्याच एखाद्या घरी मुक्काम करायचा आणि सकाळी पुढची खिंड ओलांडायची.

डोंगर चढण्यात मुरलेले लोक या वाटेला 'बेबी ट्रेक' म्हणतात, कारण ती कुठेही 4000 मीटरच्या वर जात नाही. पण आपल्यासारख्यांनी या नावावर जाऊ नये. आपले कळसूबाईचे शिखर 1646 मीटर उंच आहे. एका कळसूबाईवर दुसरी ठेवली तरी लेहचा बाजार तिच्याही वर राहतो.

आम्ही तिघे निघालो होतो. आम्ही दोघे आणि दहावीची परीक्षा दिलेली मुलगी. थंडी-वाऱ्यापेक्षा घरच्या अम्मींना वेगळीच काळजी होती. "मूर्ती असलेल्या घरात राहणार, तर नमाज कुठे पढणार? खाणार काय? आणि ते लोक तुम्हाला घरात घेतील का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आमच्याकडे होती. नमाजला स्वच्छ जागा पुरे आणि जेवणात भाजी-भाकरी. तिसऱ्या प्रश्नाला मात्र आम्ही दोघेही गप्प राहिलो.

लेहला उतरल्यावर दोन दिवस नुसती विश्रांती घ्यायची, असे डॉक्टरांनी बजावले होते. पहिल्या रात्री मुलीचे डोके ठणकू लागले, उलटी झाली. पाणी पाजत आणि दुआ करत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी ती सावरली आणि जुम्याच्या नमाजला आम्ही लेहच्या जामा मशिदीकडे गेलो. ही मशीद सतराव्या शतकातली, औरंगजेबाच्या काळातली. त्याच बाजारात शिया बांधवांचा इमामवाडा आहे आणि बौद्धांचा गोम्पाही आहे. तिन्ही एकमेकांपासून काही पावलांवर. अजान संपता संपता गोम्पाच्या दिशेने कुणीतरी प्रार्थनाचक्र फिरवत गेले. बाजारातल्या कुणी मान वर करून पाहिलेही नाही. त्यांच्यासाठी ते रोजचेच होते.

तिसऱ्या दिवशी लिकिरला पोहोचलो. लेहपासून हे अंतर सुमारे 50 किलोमीटर. सोबत वाटाड्या म्हणून एक लडाखी तरुण होता. लडाखीत धाकट्या भावाला 'नोनो' म्हणतात, म्हणून आम्हीही त्याला नोनोच म्हणू लागलो. त्यानेच आम्हाला तिथली पहिली रीत शिकवली. कुणालाही हाक मारताना शेवटी 'ले' लावायचे. आईला 'आमा-ले', आजीला 'आबी-ले', आजोबांना 'मेमे-ले'. आपल्या 'जी'सारखेच हे. भेटताना 'जुले', निरोप घेताना 'जुले' आणि आभार मानायचे तरीही 'जुले'. आम्हा भाषा शिकवणाऱ्यांना एका शब्दाची ही कमाई फार आवडली.

लिकिरच्या टेकडीवर गेलुग पंथाचा मोठा मठ आहे. मठाबाहेर मैत्रेयाची, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाची, 75 फूट उंच सोनेरी मूर्ती बसलेली दिसते. महाराष्ट्रात बौद्ध धर्म आपल्याला परका नाही. आमच्या वर्गात दीक्षाभूमीला जाऊन आलेली मुले असतात आणि शेजारच्या घरातून त्रिशरण ऐकू येते. पण लोण्याचे दिवे, रंगीत ध्वज, भिंतीवरची उग्र चेहऱ्यांची चित्रे हे सगळे आम्हाला नवे होते. आम्ही दाराशी बूट काढले, आत गेलो, पाहिले आणि हात न जोडता बाहेर आलो. आपले हे कुणाला खटकेल का, अशी धाकधूक होती. दारातल्या वृद्ध भिक्षूंनी फक्त एवढेच विचारले की चहा मिठाचा चालेल की साखरेचा?

लिकिरहून यांगथांगला जाताना फोबे ला आणि चरत्से ला या दोन खिंडी लागतात. 'ला' म्हणजे खिंड. उघडे, तांबूस-राखाडी डोंगर, एकही झाड नाही. मग अचानक खाली ओढ्याकाठी हिरवी पट्टी दिसते आणि ते गाव असते. बर्फाचे पाणी पाटाने आणून तिथे जव पिकवतात. मेअखेरीस पेरण्या होऊन कोंब वर आले होते. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती लागतात. त्या आपल्या उजव्या हाताला राहतील अशा बेताने चालायचे, ही तिथली रीत. आम्हीही तसेच चाललो, ज्याच्या गावात आहोत त्याच्या रस्त्याची शिस्त म्हणून.

यांगथांगच्या घरात आम्हाला गाद्या, जाड रजया आणि स्वच्छ खोली मिळाली. गावात पाहुणे ठेवण्याची ही व्यवस्था कशी सुरू झाली ते नोनोने सांगितले. हिमबिबट्या रात्री गोठ्यात शिरून मेंढ्या मारायचा आणि चिडलेले गावकरी त्याला मारायचे. या शतकाच्या सुरुवातीला वन्यजीव संस्थांनी लडाखच्या काही गावांत तोडगा काढला. पाहुणे घरात राहतील, पैसा घरातल्या बाईच्या हाती जाईल आणि मग जिवंत बिबट्या गावाला परवडेल. कितीतरी गावांत पाहुणे पाळीपाळीने एकेका घराला मिळतात, म्हणजे एकाचेच घर भरत नाही.

तिथल्या आमा-लेंनी विचारण्याआधीच सांगितले की मांस शिजवलेले नाही. रात्री 'स्क्यू' होते. कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे आणि भाज्या एकत्र शिजवलेल्या, आपल्या वरणफळांच्या जवळचा पदार्थ. जवाची दारू, छांग, आम्ही नको म्हटल्यावर त्यांनी आग्रह केला नाही. वुजूसाठी शेणाच्या गोवऱ्यांवर पाणी तापवून दिले. मुलीने मोबाइलवर किब्ला पाहिला आणि हसली. आमच्या गावी किब्ला पश्चिमेपासून जरा उजवीकडे, इथे जरा डावीकडे. मुसाफिर म्हणून आम्ही चाराच्या दोन रकात केल्या आणि झोपलो. अम्मींचे पहिले दोन प्रश्न असे सुटले.

दुसऱ्या दिवशी सरमांगचेन खिंड ओलांडून हेमिस शुकपाचन गाठले. शुकपा म्हणजे जुनिपरचे झाड. गावाजवळ या जुन्या, पवित्र मानलेल्या झाडांची राई आहे आणि तिच्यावरूनच गावाचे नाव पडले. इथल्या घरात आबी-ले, मेमे-ले, त्यांची सून आणि दोन नातवंडे. लडाखी घराचे स्वयंपाकघर म्हणजे घराचा दिवाणखाना. मधोमध चूल, बसायला गालिचे, पुढे बुटकी नक्षीदार मेजे आणि भिंतभर फळ्यांवर घासून लखलखीत केलेली तांब्या-पितळेची भांडी.

आम्ही कोण, कुठले, हे नोनोने सांगितले. मुस्लिम आहोत हेही सांगितले. आबी-ले उठल्या. सुनेला काही बोलल्या. सून स्टुलावर चढली आणि अगदी वरच्या फळीवरून कापडात बांधलेले एक गाठोडे तिने खाली काढले. त्यात एक पातेले, एक डाव आणि चार-पाच वाट्या होत्या. तिने त्या धुतल्या आणि आमचा स्वयंपाक त्या पातेल्यात सुरू केला. घरच्यांसाठी चुलीवर वेगळे भांडे होते.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. वेगळी भांडी म्हणजे काय, हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या घरी आमचा चहा नेहमी एकाच कपात यायचा. तो कप घरातल्या कपांबरोबर नसायचा, मागच्या खिडकीत पालथा असायचा. आम्ही तो धुऊन ठेवायचो. वीस वर्षे झाली, पण तो कप आठवतो. मुलीला हे कधी सांगितले नव्हते, पण तिनेही हळूच विचारले, "आपल्यासाठी वेगळे का?"

आमचे चेहरे मेमे-लेंनी वाचले असावेत. ते उर्दूत बोलू लागले, चांगल्या स्वच्छ उर्दूत. लडाख जम्मू-काश्मीर राज्यात होते तेव्हा शाळेत आणि सरकारी दप्तरात उर्दू चाले. ते उर्दूतच शिकलेले होते. ते म्हणाले, ही भांडी आमच्या घरच्या मांसाला कधीच लागलेली नाहीत. आबी-लेंची मोठी बहीण लेहला एका मुस्लिम घरात दिली होती. ती, तिचा नवरा, मुले इथे राहायला येत. त्यांना आपल्या घरी निःशंक जेवता यावे म्हणून आबी-लेंच्या सासूबाईंनी हा संच बाजूला काढला. मांस करायचे असेल तर कापायला मुस्लिम माणूस बोलावीत. एरवीही जनावर मारायला बौद्ध माणूस कचरतो. असे संच तेव्हा कितीतरी घरांत असत, असेही त्यांनी सांगितले.

मग ते थोडे थांबले. 1989 मध्ये लेहच्या बाजारात भांडण पेटले. बौद्धांनी मुस्लिमांशी येणेजाणे आणि व्यवहार ठेवू नये, असा बहिष्कार पुकारला गेला. तो 1992 पर्यंत चालला. "तीन वर्षे हे गाठोडे खाली आले नाही," मेमे-ले म्हणाले. "बहीण लेहच्या रस्त्यात भेटली तरी ही बोलू शकत नव्हती. शेजारी पाहायचे." बहिष्कार उठल्यावर बहीण आली, पण पूर्वीसारखी मुक्कामाला राहिली नाही. दोन धर्मांतली लग्ने तर जवळपास थांबलीच. आता ती बहीणही नाही. आबी-लेंना उर्दू येत नव्हती, पण काय बोलणे चालले आहे हे त्यांना कळत होते. त्या चुलीत गोवरी सारत राहिल्या.

जेवण वाढले तेव्हा मुलीने आधी आबी-लेंकडे पाहिले, मग वाटी दोन्ही हातांनी घेतली. आम्ही बिस्मिल्लाह म्हणून जेवलो. जेवण झाल्यावर भांडी आम्हीच घासायला घेतली, तर आबी-लेंनी हात धरला आणि सुनेकडे दिली. मेमे-लेंनी मुलीच्या वहीत आपले आणि गावाचे नाव उर्दूत लिहून दिले. नस्तालीकातली ती अक्षरे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा सुबक होती.

तिसऱ्या दिवशी मेबटक खिंडीवरून आंग गावात उतरलो आणि पुढे तिंगमोसगांगला पोहोचलो. इथे जर्दाळूची झाडे दाट आहेत. फळ पिकायला अजून अवकाश होता, म्हणून मागच्या वर्षीचे वाळवलेले जर्दाळू खाल्ले. गावावर टेकडीच्या माथ्यावर जुन्या राजवाड्याचे अवशेष आणि मठ आहे. लडाख आणि ल्हासा यांच्यातले युद्ध मिटवणारा 1684 चा तह या गावाच्या नावाने ओळखला जातो. त्या युद्धात काश्मीरच्या मोगल सुभेदाराने लडाखच्या राजाला फौज पाठवली होती. तहाने पश्मिन्याच्या व्यापाराचे मार्ग ठरवले. दर तीन वर्षांनी लडाखहून 'लोपचाक' नावाचा काफिला नजराणे घेऊन ल्हासाला जाईल असेही ठरले. पुढे बौद्ध राजाच्या वतीने दलाई लामांकडे जाणारा हा काफिला नेण्याचे काम लेहच्या मुस्लिम व्यापारी घराण्यांकडे आले. त्यांच्यापैकी अब्दुल वाहिद राधू यांनी विसाव्या शतकातल्या अशा प्रवासाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत.

लडाखमधल्या दोन्ही समाजांत सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणणार नाही. चार दिवसांच्या पाहुण्याने तसे म्हणू नये. पण ज्या बाजारात बहिष्कार पुकारला गेला, त्याच लेहची बौद्ध मंडळी आणि कारगिलची मुस्लिम मंडळी 2021 पासून आपल्या जमिनीच्या आणि हक्कांच्या मागण्यांसाठी एकत्र बसू लागली आहेत, हेही खरे आहे.

कुणा कुटुंबाला जायचे असेल तर मेअखेर ते सप्टेंबर हा काळ बरा. लेहला दोन दिवस विश्रांती टाळू नका. वाटाड्या तिथलाच घ्या. घरात शिरताच शाकाहारी जेवणाचे सांगा. जानमाज, खजूर, फुटाणे, पाण्याची बाटली आणि रोख पैसे जवळ ठेवा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका. प्लास्टिकचा कचरा परत आणा.

घरी आल्यावर अम्मींना वरच्या फळीवरच्या भांड्यांची गोष्ट सांगितली. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ईदला तुमच्या शाळेतल्या शाकाहारी बाई येतात, त्यांच्यासाठी मी शीरखुर्म्याचे पातेले वेगळे ठेवते. वाट्याही वेगळ्या. माहीत आहे ना?" माहीत होते. "मग त्यांना कधी सांगितलेत का, वेगळे का ते?"

नव्हते सांगितले. त्या बाई दरवर्षी त्या वेगळ्या वाटीत शीरखुर्मा खात आल्या आणि आम्ही दरवर्षी समजून चाललो की त्यांना कळत असेल. येत्या ईदला, इन्शाअल्लाह, वाटी हातात देतानाच सांगू.